व्हाळापलीकडच्या मुलखाचा भूगोल

अक्का ज्या वर्षी सातवीच्या, म्हणजे फायनलच्या परीक्षेला बसायची होती, त्याच वर्षी श्रावणात ती विहिरीच्या पायऱ्यांवरून घसरली. पायऱ्या जांभ्या दगडाच्या, त्यांवर शेवाळ, आणि तिच्या डोक्यावर भरलेली कळशी. कळशीला पोचासुद्धा आला नाही. अक्काचं मांडीचं हाड मात्र मोडलं. आधी गावातल्या हाडवैद्याने बांबूच्या कामट्या बांधल्या. पंधरा दिवसांनी वेंगुर्ल्याच्या डॉक्टरांनी त्या सोडल्या, हाड पुन्हा जुळवलं आणि कमरेपासून घोट्यापर्यंत प्लास्टर घातलं. बैलगाडीतून तिला उतरवायला चार माणसं लागली. आईने विचारलं, "दुखता काय गो?"

अक्का म्हणाली, "परीक्षा चुकली."

ती सतरा वर्षांची होती, मी तिच्याहून दीड वर्षाने लहान. मला शाळेचं वेड नव्हतं. चौथीनंतर मी भातशेती, काजू आणि गुरं यांत बरी रमले होते. अक्काची खाट खिडकीजवळ टाकली होती. खिडकीतून आमची भाताची शेतं दिसत, शेतांपुढे व्हाळ, म्हणजे आमच्याकडचा ओढा, आणि व्हाळापलीकडे जंगल. ते थेट आंबोलीच्या घाटापर्यंत चढत गेलेलं. त्या जंगलात आमच्या घरातलं कोणी फारसं जात नसे. तिथे देवचार राहतो, तो रानाचा राखणदार, आणि त्याला न विचारता गेलेलं त्याला खपत नाही, असं सगळे सांगत. विचारायचं कसं, ते कोणी सांगत नसे.

अक्काकडे शाळेचं भूगोलाचं पुस्तक होतं. परीक्षा चुकली तरी ती ते वाचत असे, कारण दुसरं पुस्तक घरात नव्हतं. भाद्रपदात एका दुपारी तिने मला बोलावलं.

"ह्यात आपल्या रानावर एकच वळ आसा," ती म्हणाली आणि ती ओळ वाचली. "पूर्वेकडील भाग डोंगराळ असून जंगलाने व्यापलेला आहे. बस. पुढे काय ता लिवक नाय."

"मग?"

"मग आपण लिवया."

अशी सुरुवात झाली. आमच्या दोघींपैकी एकीलाही त्या रानाची माहिती नव्हती, पण अक्काला ती अडचण वाटली नाही. पुस्तकात ब्रह्मदेशावर पाच पानं होती आणि गुरुजी ब्रह्मदेशाला गेलेले नव्हते.

वहीत तिने पुस्तकातल्यासारखेच मथळे घातले. सीमा: पश्चिमेस व्हाळ, पूर्वेस घाट, उत्तरेस देवचाराची वाट, दक्षिण सीमा अनिश्चित. हवामान: पाऊस, आणि पावसानंतरची ओल. रस्ते: गवे करतात, दुरुस्तीही तेच करतात. दिवाबत्ती: काजवे, फक्त ज्येष्ठात. देवचाराचा व्यवसाय राखण, मोबदला विडी व नारळ, चपला वर्षातून एकदा. इथपर्यंत सगळं खरं होतं, निदान गावात ते खरं धरलं जात होतं. पुढचं आम्ही बनवलं. कोंडीजवळ, म्हणजे व्हाळातल्या खोल डोहाजवळ, धुक्याची कांबळी विणणारे लोक राहू लागले. सावली भाड्याने देणारे आले. कोणी हाक मारली तर समोरच्या डोंगरातून उत्तर द्यायचं काम एका कुटुंबाकडे पिढ्यान्‌पिढ्या होतं, आणि त्यांना सर्दी झाली की त्या दिवशी प्रतिध्वनी बसका येई.

मी एक राजकन्या आणली. अक्काने लेखणी थांबवली.

"ती खाता काय?"

"काय नाय. फुलांचो वास घेता."

"मग ती आमच्या मुलखात रवाची नाय," अक्का म्हणाली. "राजो-राणी इली की ती गोष्ट होता. ह्यो भूगोल आसा. हंय जो येतलो तेणी पोटाक काय तरी करूक होया."

मी दोन दिवस तिच्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी राजकन्येला जायफळ सोलायच्या कामाला लावलं. ते अक्काने मान्य केलं.

दर बाजाराच्या दिवशी एक म्हातारी आमच्या ओसरीवर टेकायची. शिकेकाई, रिठे आणि कधी मध घेऊन ती बाजाराला जाई आणि जाता-येता आमच्याकडे पाणी पिई. अक्का खाटेवरून तिला प्रश्न विचारी. मध कुठल्या झाडावर, व्हाळ कुठे उगम पावतो, अस्वल आहे का. म्हातारी कंटाळत नसे. विचारलं तेवढंच सांगे आणि उठून जाई. दिवाळीनंतर एकदा मात्र तिने उलट विचारलं, "तू ह्या सगळां लिवतंस कित्याक?"

अक्काने तिला वही वाचून दाखवली. सगळी, मथळ्यांसकट. म्हातारी गुडघ्यांवर हात ठेवून ऐकत होती. धुक्याच्या कांबळ्यांना ती हसेल असं मला वाटलं, पण ती विचारात पडली.

"ते कोंडीकडे नाय जमाचे," ती म्हणाली. "थंय वारो आसा. धुक्या टिकत नाय. वर सड्यावर घाल तेंका."

अक्काने कोंड खोडून सडा, म्हणजे वरचं कातळाचं पठार, लिहिलं.

"आणि आमका खंय घातलंस?"

"तुमका म्हणजे?"

"आमी थंयच रवतंव. व्हाळापलीकडे. अकरा घरां आसत आमची."

म्हातारी गावाच्या दुसऱ्या टोकाला राहते, असंच आम्ही दोघी समजत होतो. ती रानात जाते आणि परत येते, असं आमच्या डोक्यात होतं. ती रानातून येते आणि परत जाते, हे आमच्या ध्यानातच आलं नव्हतं. वहीत गव्यांना जागा होती, काजव्यांना होती. लोकवस्तीच्या मथळ्याखाली सावलीवाले होते, प्रतिध्वनीवाले होते. अकरा घरं नव्हती.

म्हातारी रागावली नव्हती. पाण्याचा तांब्या पालथा घालून ती निघून गेली. अक्काने त्या दिवशी पेज अर्धी टाकली. मी म्हटलं, "घाल ना आता. एक वळ तर आसा."

"एक वळ," अक्का म्हणाली, आणि वही उशाखाली ठेवून भिंतीकडे तोंड करून पडली. त्यानंतर त्या वहीत तिने नवं काही बनवलं नाही. फक्त म्हातारी आली की विचारून लिहायची. घरं कशाची, पाणी कुठून, पावसात काय खाता, मुलं किती. मुलं बरीच होती. शाळा नव्हती.

माघात प्लास्टर निघालं. पाय दोन बोटं आखूड झाला होता. काठी घेऊन चालायला ती महिन्याभरात शिकली आणि पुढच्या वर्षी फायनल पास झाली. तेव्हा मास्तरकीला तेवढं पुरत असे. आईने तोवर दोन ठिकाणी शब्द टाकून पाहिला. दोन्हीकडच्या माणसांनी अक्काला उठून चालायला सांगितलं, चहा घेतला, आणि नंतर कळवतो म्हणाले. तिसऱ्या वेळी अक्का उठलीच नाही. "हंयसूनच बघा," ती म्हणाली. तेही नंतर कळवणार होते.

मग त्या अकरा घरांसाठी एकशिक्षकी शाळा मंजूर झाली. कागदावर ती वर्षभर चालली, कारण तिथे जायला शिक्षक मिळेना. अक्काने अर्ज केला. तालुक्याच्या कचेरीत मी तिच्यासोबत गेले होते. साहेबांनी अर्ज पाहिला, मग काठी पाहिली. अक्काने घरची बोली बाजूला ठेवून पुस्तकी मराठी काढली.

"बाई, तिथं धडधाकट पुरुष टिकत नाहीत," साहेब म्हणाले. "तुम्हाला त्या भागाची काही कल्पना आहे?"

"आहे. मी त्या भागाचा भूगोल लिहिलेला आहे."

"छापलेला?"

"नाही. पण दुरुस्त केलेला आहे."

साहेबांनी सही केली. दुसरा अर्जच नव्हता.

पहिल्या दिवशी बाबा तिला पोचवायला गेले. व्हाळाच्या काठी त्यांनी देवचारासाठी नारळ आणि विडी ठेवली आणि मोठ्याने सांगितलं, "माझा चेडू येता. मास्तरीण आसा. बघून घे." मग तिला पाठीवर घेऊन पाणी ओलांडलं. म्हातारी पलीकडे वाट पाहत उभी होती. तिने अक्काचं गाठोडं घेतलं आणि पुढे चालू लागली.

शनिवारी अक्का घरी यायची, सोमवारी पहाटे जायची. पावसाळ्यात चार महिने यायचीच नाही. माझं लग्न होऊन मी शिरोड्याला गेले, माडांच्या बागेत. दोन वर्षांनी माहेरी आले तेव्हा तिच्यासोबत पहिल्यांदा तिकडे गेले. शाळा म्हणजे कुडाच्या भिंती आणि गवताचं छप्पर. वाटेत मला सहा जळवा लागल्या. धुकं होतं, पण त्याचं कोणी काही विणत नव्हतं. मी तसं म्हटलं, तेव्हा अक्का म्हणाली, "मीठ लाव पायाक."

मधाच्या दिवसांत मुलं आईबापांबरोबर रानात जात आणि शाळा रिकामी पडे. एकदा नेमके तेव्हाच तपासनीस आले. त्यांनाही जळवा लागल्या होत्या. वर्गात अक्का एकटीच बसलेली.

"मुलं कुठं आहेत?" त्यांनी विचारलं.

"भूगोलाच्या तासाला गेली आहेत."

"कधी येतील?"

"मधाची पोळी उतरली की."

तपासनीसांनी शिकवण्याची पद्धत विचारली, आणि अक्काने वही पुढे केली. त्यांनी ती सगळी वाचली. सावली भाड्याने देणाऱ्यांपाशी ते थांबले, पुढे गेले, परत मागे आले. गुळाचा काळा चहा घेतला आणि शेऱ्यात लिहिलं: स्थानिक परिसराचा अभ्यास समाधानकारक. पुढच्या वर्षापासून मधाच्या दिवसांत शाळेला रीतसर सुट्टी मिळाली.

सातव्या वर्षी पावसाळ्यात अक्का तापाने पडली. निरोप घेऊन म्हातारीची सून आली. व्हाळ भरलेला, बाबांना दमा. आईने निरोप ऐकला, चूल विझवली, पदर खोचला आणि त्या सुनेचा हात धरून पाण्यात उतरली. ती चार दिवस तिथे राहिली. ताप उतरल्यावर परत आली तेव्हा मी शिरोड्याहून येऊन बसले होते. मी विचारलं, "कशी आसा अक्का?"

"बरी आसा," आई म्हणाली. ओलं लुगडं बदलून ती चुलीपाशी बसली. मुलगी तिथे एकटी कशी राहते, म्हातारपणी तिचं कोण करील, हे आई सात वर्षं दर शनिवारी बोलत आली होती. आज ती त्यातलं काहीच बोलली नाही. तिने लाकडं सारली, फुंकर घातली, आणि म्हणाली, "थंयचा पाणी बरा आसा गो. डाळ बेगीन शिजता."