आगीपुढे लावलेली आग

रबाळ्याच्या एमआयडीसीत, अगदी डोंगराच्या पायथ्याला, रंग बनवणारी एक कंपनी होती. तिच्या मागच्या भिंतीपासून डोंगराचा चढ सुरू व्हायचा. त्या चढावर कंपनीने झाडं लावली होती. लावली तेव्हा पाहुणे आले, फोटो निघाले. पुढच्या उन्हाळ्यात त्यातली बरीचशी मेली. उरलेल्यांचं काय करावं हे कंपनीत कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि तेवढ्यात माझ्या सरांनी कंपनीला गाठलं.

मी तेव्हा सरांच्या हाताखाली पीएच.डी. करत होते. विद्यापीठाकडे स्वतःचं जंगल नव्हतं आणि कंपनीला जंगलातलं काही कळत नव्हतं, त्यामुळे करार झाला. आम्ही त्या उताराचे चौकोनी तुकडे पाडले. काही तुकड्यांत दरवर्षी गवत कापायचं, खुरटलेली झाडं काढून विरळणी करायची. काही तुकड्यांना हातसुद्धा लावायचा नाही. मग दोन्हींकडची झाडं मोजत राहायची. कुठला तुकडा कसा ठेवायचा हे आम्ही चिठ्ठ्या टाकून ठरवलं, कारण आपल्या मर्जीने निवडलं की प्रयोगाला अर्थ राहत नाही. हात न लावण्याची एक चिठ्ठी नेमकी भिंतीलगतच्या तुकड्याची निघाली. भिंतीच्या पलीकडे थिनरच्या पिंपांची शेड होती.

तिथून भांडण सुरू झालं. कंपनीचे सेफ्टी ऑफिसर तिथल्याच जुन्या गावचे, पन्नाशी उलटलेले. कारखाने यायच्या आधी त्यांच्या घरची गुरं याच उतारावर चरायची. दिवाळी झाली की गवत वाळायला लागायचं आणि ते मला गेटवरच अडवायचे.

"मॅडम, तो गवत काढा. पेटला ना, तर तुमचा प्रयोग राहील बाजूला."

"साहेब, काढलं तर तो तुकडा बाद होईल. करारात लिहिलंय."

"आगीला करार वाचता येतो काय?"

शेवटी भिंत आणि तुकडा यांच्यामध्ये गवत काढून एक मोकळी पट्टी ठेवायची असं ठरलं. वनखात्यात तिला जाळरेषा म्हणतात. ऑफिसरना ती चांगली रुंद हवी होती. सरांचं म्हणणं, एवढी रुंद दिली तर झाडांच्या दोन ओळी जातात, मग मोजायचं काय? दोघंही हट्टी. पट्टी झाली, पण ऑफिसरना हवी होती त्याच्या निम्मीच. प्रयोगाच्या जागेची जबाबदारी करारात माझ्या नावावर होती. तुकड्यांना हात लावायचा तर माझी परवानगी लागायची. सीवूड्सच्या आमच्या घरात बाबांना याचं केवढं कौतुक होतं! मला मात्र फेब्रुवारी लागला की झोप नीट लागायची नाही.

मार्चमधली सकाळ होती. मी वरच्या तुकड्यात एका शिवणीच्या खोडाचा घेर मोजत होते. आधी वास आला. मग डोंगराच्या धारेवर करडा धूर दिसला, आणि बघता बघता त्याच्या खाली नारिंगी रेघ उमटली. दरवर्षी डोंगरावर कुणी ना कुणी गवत पेटवतंच. एरवी ते वरच्या वर जळून विझतं. पण सकाळी वारा डोंगरावरून खाली उतरतो. दुपारी खाडीकडचा वारा सुटला की तो उलट फिरतो. दुपारला अजून अवकाश होता.

मी टेप तिथेच टाकून खाली धावले. कंपनीचा भोंगा वाजायला लागला होता. माणसं प्लांटमधून बाहेर पडून पुढच्या गेटकडे चालली होती. ऑफिसर मागच्या भिंतीजवळ उभे राहून शेडच्या पत्र्यावर पाण्याचा मारा करवून घेत होते. पाइप भिंतीपर्यंतच पोचत होते, चढावर नाही. अग्निशमन दलाची गाडी निघाली होती, पण तीही भिंतीच्या पुढे चढणार नव्हती.

ते मागच्या छोट्या दरवाज्यातून माझ्याकडे आले आणि नुसते वर बघत राहिले. आग वाकडीतिकडी उतरत होती. गवत कापलेल्या तुकड्यांपाशी आली की तिची उंची कमी व्हायची, ती रांगायला लागायची. पण हात न लावलेल्या तुकड्यात छातीएवढं वाळलेलं गवत उभं होतं आणि आग तिकडेच येत होती.

"तो पेटला की झळ पट्टी ओलांडेल," ते म्हणाले. "ठिणगी शेडवर. मंग काय खरं नाय."

"पाणी मारलं तर?"

"पानी पोचत नाय, बाय."

त्यांनी मला 'बाय' म्हटलेलं मी पहिल्यांदा ऐकलं. आवाज शांत होता, पण ओठ कोरडे पडले होते.

"एकच हाय. आपणच पेटवायचा. पट्टीच्या कडेनं, खालून. आपली आग हळूहळू वर चढेल, वरची यायच्या आत गवत संपेल. दोघी भेटतील वर, भिंतीपासून लांब. पन तुकडा तुमचा हाय. तुमी बोला."

त्या तुकड्यातली झाडं मी पहिल्या पावसाळ्यापासून मोजत आले होते. करंज, खैर, आवळा, शिवण. आमच्याकडचा हात न लावलेला सगळ्यात चांगला तुकडा तोच. तो गेला तर कापलेल्या तुकड्यांची तुलना करायला तसा दुसरा नव्हता. मी सरांना फोन लावला. त्यांनी लगेच उचलला.

"काही झालं तरी आपण आग लावायची नाही," सर म्हणाले. "ऐकतेयस ना? वरून येऊन जळला तर तो अपघात. आपण लावली तर जबाबदारी विद्यापीठाची. बंब येऊ देत. तू बाहेर पड तिथून."

"सर, शेड आहे पलीकडे."

"ते कंपनीने बघायचं."

सर वाईट माणूस नव्हते. कंपनीने करार मोडावा म्हणून टपलेले लोक विभागातच होते, आणि ते सगळं सर एकट्याने सांभाळत होते. पण ते तिथे नव्हते. गवत तडतडत फुटत असल्याचा आवाज आता स्पष्ट ऐकू येत होता, माझे डोळे चुरचुरत होते, आणि भिंतीपलीकडे पाइप धरून उभी असलेली माणसं मला चेहऱ्याने माहीत होती. त्यांच्यातल्या एकाने आदल्याच आठवड्यात मला त्याच्या मुलीच्या बारशाचे पेढे दिले होते.

मी फोन खिशात टाकला. "लावा," मी म्हणाले.

ऑफिसरनी खिसे चाचपले आणि तसेच थांबले. माचिस कुणाकडेच नव्हती. कारखान्यात थिनर, म्हणून माचिस, लायटर सगळं गेटवर जमा करायचं, हा नियम त्यांनीच इतका कडक पाळला होता की अख्ख्या कंपनीत काडी मिळणं शक्य नव्हतं. त्यांनी वॉकीटॉकीवर गेटला ओरडून सांगितलं, "जमा केलेल्या माचिसी आन मागं! सगळा ट्रे आन! इचारू नको, पळ!"

वॉचमन येईपर्यंत आम्ही दोघं वर बघत उभे होतो. तो वेळ अजून माझ्या अंगावर येतो. आग वरच्या तुकड्यांच्या कडेला लागली होती, आणि मी मघाशी टाकलेला टेप जिथे होता तिथून धूर निघत होता. वॉचमन धापा टाकत आला. त्याच्या हातातल्या प्लास्टिकच्या ट्रेमध्ये लायटर, माचिसी, कुणाचं तरी अर्धं बिडीचं बंडल.

त्यांनी पट्टीच्या वरच्या कडेने वाकत, थोड्या थोड्या अंतरावर गवत पेटवलं. वारा खाली येत असल्यामुळे ज्वाळा आमच्याच अंगावर यायला लागल्या. दोन कामगार ओली पोती घेऊन धावले. मीही एक घेतलं. पट्टीवर उतरू बघणाऱ्या प्रत्येक जिभेवर आम्ही पोतं आपटत होतो. माझ्या भुवया जळल्याचं मला संध्याकाळी आरशात कळलं. एकदा आग पट्टीच्या मधोमध एका सुक्या फांदीवर आली. ऑफिसरनी ती फांदी बुटाने परत तुकड्यात ढकलली, आणि त्यांच्या पँटच्या कडेने पेट घेतला. मी पोतं त्यांच्या पायावर मारलं. ते म्हणाले, "मला नको मारू, गवताला मार."

मग आमची आग एकदाची चढाला लागली. दोन्ही आगी तुकड्याच्या वरच्या बाजूला भिडल्या, क्षणभर एक उंच भिंत उभी राहिली, आणि जाळायला काही उरलं नाही म्हणून ती खाली बसली. भिंतीच्या बाजूला काळी राख आणि उभी करपलेली खोडं. शेडच्या पत्र्यावरून पाणी ठिबकत होतं. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. पोतं धरलेला एक कामगार उलटी करत होता.

खरी परीक्षा पुढच्या आठवड्यात झाली. कंपनीने चौकशी लावली. प्रश्न शेड वाचली की नाही हा नव्हता. सेफ्टी ऑफिसरने, ज्वालाग्राही मालाच्या शेडशेजारी, स्वतःच्या हाताने आग लावली, हा होता. विद्यापीठाकडून सर आणि मी गेलो. गाडीतून उतरण्यापूर्वी सर म्हणाले, "आपण विरोध केला होता, एवढंच सांग. खोटं नाही ते. मी केलाच होता, फोनवर."

वातानुकूलित खोलीत ऑफिसर टेबलाच्या त्या बाजूला बसले होते. इस्त्रीचा शर्ट, पायाला पट्टी. त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मॅनेजरने विचारलं, "आग लावण्याआधी तुमची संमती घेतली होती का?"

मी 'नाही' म्हणाले असते तर त्यांची नोकरी गेली असती आणि माझी पीएच.डी. सुरळीत झाली असती.

"घेतली होती," मी म्हणाले. "सरांनी नाही सांगितलं होतं. 'लावा' असं मी म्हणाले. मला पुन्हा विचारलंत तरी मी तेच म्हणेन."

सरांनी पेन टेबलावर ठेवलं.

ऑफिसरची नोकरी वाचली. पण त्यांना कारखान्यावरून काढून कंपनीच्या उरणच्या गोदामावर पाठवलं. करार पुढे वाढला नाही. सर कित्येक महिने माझ्याशी कामापुरतं बोलत होते. माझा प्रबंध मात्र त्यांनी ओळ न् ओळ वाचला, आणि तोंडी परीक्षेत बाहेरच्या परीक्षकाने त्या जळलेल्या तुकड्यावरून मला कोंडीत पकडलं तेव्हा माझ्याआधी तेच बोलले. "तिथे माणसं होती," एवढंच म्हणाले आणि पाणी प्यायले.

निकाल लागल्यावर मी ऑफिसरना फोन केला. पलीकडे ट्रेलर रिव्हर्स घेत असल्याचा आवाज येत होता.

"डॉक्टर झालीस? बरा झाला," ते म्हणाले. "रोगी बघू नको म्हंजे झाला."

"तिकडे कसं आहे, साहेब?"

"इथं काय, नुसते कंटेनर. पेटाया काय नाय." मग जरा थांबून म्हणाले, "कंटाला येतो, बाय. ये एकदा, जेवाया घरी."

त्याच रविवारी मी गेले.