शेवटी येईल ती अध्यक्ष

उभ्या नगर जिल्ह्यात ठरल्या वेळेच्या आधी भरणारी सभा एकच होती, आणि ती भरवणाऱ्या बाईंना आयुष्यात एकही गोष्ट वेळेवर जमली नाही. त्या आमच्या मुलींच्या वसतिगृहाच्या रेक्टर. मनगटावर वडिलांचं मोठं पुरुषी घड्याळ, तेही बंद. किती वाजले म्हणून विचारलं की त्या घड्याळाकडे नीट निरखून बघत आणि "पुष्कळ" असं सांगत. बहात्तरच्या पावसाळ्यानं पाठ फिरवली, त्या वर्षी त्यांनी शनिवारी दुपारी तीनला बायांची बैठक सुरू केली. कॉलेजातल्या मुली, प्राध्यापकांच्या बायका, फाटकासमोरच्या भाजीवाल्या, बांगड्या भरणारी खाला, ज्यांना यायचं त्यांनी यावं. नियम एकच. शेवटी येईल ती अध्यक्ष.

त्यासाठी प्राचार्यांच्या खोलीतली हातांची शिसवी खुर्ची आम्ही चौघी डोक्यावर घेऊन मैदानातून मिरवत आणायचो. प्राचार्य बिचारे तेवढा वेळ उभ्यानं फायली चाळत. शेवटी आलेल्या बाईनं त्या खुर्चीत बसायचं आणि सगळ्यांच्या शेवटी बोलायचं. तिचं होईपर्यंत कुणी उठायचं नाही. बाईंचा हिशेब साधा होता. "लवकर येते तिच्या घरी कुणीतरी हातभार लावणारं असतं. शेवटी येते तिच्यावर अख्खं घर असतं. ऐकायचं तर तिचंच." पण अध्यक्ष व्हायची बायकांनी अशी काही धास्ती घेतली, की तीनची सभा अडीचला भरू लागली, मग दोनला, आणि दिवाळीनंतर तर दीडलाच बसायला जागा मिळेना. एकदा खुद्द प्राचार्यांच्या पत्नी जेवत्या ताटावरून उठून धापा टाकत आल्या, तरी शेवटच्याच ठरल्या. नवऱ्याच्या खुर्चीत जरा इकडे तिकडे सरकून म्हणाल्या, "अगं बाई, ही टोचते हो. हे रोज बसतात तरी कसे?"

"म्हणून तर तसे वागतात," बाई म्हणाल्या.

सभेत त्यांच्या मांडीवर एक पितळी थाळी असे आणि हातात पळी. बोलणारीनं लागोपाठ तीन जड शब्द वापरले की थाळी वाजायची. "आता मराठीत सांग." मी एकदा 'सामाजिक विषमतेच्या संदर्भात' म्हणाले, तर थाळीचा आवाज पार खाणावळीपर्यंत गेला आणि मुली जेवण वाढलं समजून उठल्या. पुरुषांना सभेला मज्जाव नव्हता, मात्र येणाऱ्यानं एकेक मूल सांभाळायचं. अर्थशास्त्राचे एक प्राध्यापक मोठ्या उत्साहानं आले. भाजीवालीचं लेकरू मांडीवर घेऊनच त्यांनी स्त्रियांच्या श्रमाबद्दल चार वाक्यं बोलायला सुरुवात केली आणि दुसऱ्याच वाक्याला त्यांची टेरिलीनची पँट भिजली. बाई शांतपणे म्हणाल्या, "सर, तुमच्या व्याख्यानाला पहिल्यांदाच कुणीतरी मनापासून दाद दिली."

वसतिगृहातही तेच. जिनं रांधलं तिनं आधी जेवायचं, असा त्यांनी फतवा काढला. साठ मुली रिकाम्या ताटांपुढे बसल्यात आणि समोर आमची स्वयंपाकीण मावशी एकटी जेवतेय. मावशीच्या घशाखाली घास उतरेना. "बाई, ह्या समद्या माज्या तोंडाकडं बघत्यात. मला काय देव केलाय का?" म्हणून ती रडायलाच लागली. शेवटी तडजोड झाली. मावशीनं आधी जेवायचं आणि आम्ही भिंतीकडे तोंड करून बसायचं.

मी त्या बैठकीची चिटणीस. बाई मला नावानं हाक मारतच नसत, चिटणीसच म्हणत. इथवरचं सगळं मी आजवर पुष्कळदा, पुष्कळ ठिकाणी सांगितलं आहे आणि लोक हसले आहेत. पुढचं कुणालाच सांगितलेलं नाही.

त्या हिवाळ्यापासून बाई आम्हाला रविवारी घोडेगावच्या रस्त्याला दुष्काळी कामावर घेऊन जात. सरकारी खडी फोडायचं काम. शेकडो बाया रांगेत बसून हातोडी चालवत. बाईंनी पहिल्याच दिवशी पदर खोचला, हातोडी घेतली आणि तासाभरात जेमतेम एक दगड फोडला, तोही अर्धा. शेजारची बाई हातातलं काम थांबवून बघत होती. म्हणाली, "ऱ्हाऊ द्या बाई. दगडाला गुदगुल्या व्हायल्यात." ती गयाबाई. चाळिशीची असेल, पण वय सांगणं कठीण. धुळीनं सगळ्यांचे केस एकाच रंगाचे झाले होते.

कामाच्या कडेला दोन काठ्यांवर घोंगडं टाकून बायांनी आडोसे केले होते. त्याखाली तान्ही लेकरं. वारा आला की घोंगडं उडे आणि लेकरं उन्हात पडत. गयाबाईच्या सुनेचं पाच महिन्यांचं लेकरू तसंच गेलं. फाल्गुनातच ऊन असं, की पुढचं बोलायला नको. तिनं हे रडून सांगितलं नाही. म्हणाली, "मुकादमाला लई डाव सांगितलं. म्हनतो, वर कळवतो. ह्यो वर ऱ्हातो तरी कुटं? म्याच सांगते त्याला. चार बांबू आन् तट्ट्याचा एक मांडव. दुसरं काय बी नको."

बाईंनी हातोडी खाली ठेवली. मग म्हणाल्या, "येशील? 'वर'च्याच एक बाई आमच्याकडे यायच्यात."

झालं होतं असं, की कॉलेजनं मोठा महिला मेळावा ठरवला होता आणि प्रमुख पाहुण्या म्हणून एका बड्या अधिकाऱ्याच्या पत्नी येणार होत्या. त्यांच्या एका शब्दानं मांडव उभा राहिला असता, ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती. अध्यक्षस्थानी कोण, या प्रश्नावर बाईंनी प्राचार्यांना एवढंच सांगितलं, "नियमाप्रमाणे." पाहुण्या शेवटीच येणार, म्हणून प्राचार्य निर्धास्त. त्यांच्याही मागून कोण येणार, हे बाईंना, मला आणि गयाबाईलाच माहीत.

मेळाव्याच्या दिवशी माझ्या छातीवर स्वयंसेविकेचा बिल्ला होता आणि आभाराचं भाषण माझ्याकडे. पंधरा दिवस पाठ केलेलं. सभागृहाच्या दाराशी मला उभं केलं होतं. प्राचार्य जवळ येऊन हळूच म्हणाले, "पाहुण्या आत आल्या की कडी लाव. नंतर कुणी नको." पाहुण्या आल्या. मी कडी लावली.

खुर्ची रिकामीच होती. बाई व्यासपीठावरून म्हणाल्या, "थोडं थांबू. अजून एक यायची आहे." पाहुण्या हसून उभ्या राहिल्या. प्राचार्यांनी रुमाल काढला. आणि तेवढ्यात दारावर थाप पडली, अगदी हलकी. परक्याच्या दारावर बिचकत मारतात तशी. मी कडी काढली आणि फटीतून पाहिलं. निम्मी वाट खडीच्या ट्रकातून आणि निम्मी पायी आलेली गयाबाई. तोंड धुतलेलं, पदर डोक्यावरून नीट घेतलेला. पाय मात्र घोट्यापर्यंत पांढरे, टाचा फाटलेल्या.

"ताई, म्या गयाबाई. बाईनी बोलावलंय."

"मावशी, कार्यक्रम सुरू झालाय. आता जागा नाही."

"बसायला नगं मला. भित्तीला उभी ऱ्हाते की."

"नको. साहेब रागावतील."

ती माझ्या बिल्ल्याकडे बघत राहिली. रागावली नाही. मला वाटतं, आयुष्यभर ऐकलेलंच ती पुन्हा एकदा ऐकत होती. मग म्हणाली, "बरं. बाईला तेवढं सांगा, गयाबाई आल्ती म्हनावं. न्हाई तर त्यास्नी वाटंल, भ्याली."

मी मान हलवली आणि कडी लावली.

प्राचार्यांची भीती होती, असं मी स्वतःला बरीच वर्षं सांगत आले. ते खरं नाही. भीती असती तर मी बाईंकडे बघितलं असतं. त्यांनी नुसती मान हलवली असती तरी प्राचार्यांची काय बिशाद होती! खरं म्हणजे ते पाय त्या सतरंजीवरून चालत जातील आणि सगळं सभागृह बघेल, याची मला लाज वाटली. नेवाशाकडच्या खेड्यात माझ्या आईचे पाय तसेच होते. आणि तिच्यानंतर माझं पाठ केलेलं भाषण कुणी ऐकलं असतं?

बाईंनी विचारलं, "चिटणीस, बाहेर कुणी आलंय का?"

"नाही, बाई."

"बरं," त्या म्हणाल्या. पाहुण्या खुर्चीत बसल्या. बाई मधूनमधून दाराकडे बघत होत्या. माझं आभाराचं भाषण उत्तम झालं. त्यात 'संदर्भात' दोनदा आलं. थाळी वाजली नाही.

पुढच्या रविवारी बाई खडीच्या कामावर गेल्या नाहीत. "मी तिला घाबरवलं गं," म्हणाल्या. "खुर्चीची हौस माझी, तिची नव्हे. कोणत्या तोंडानं जाऊ?" त्यानंतरच्या रविवारी राहवेना म्हणून गेल्या, तर ती टोळी दुसऱ्या कामावर हलवलेली. मुकादम म्हणाला, "गयाबाया काय, लई हायेत." शनिवारची बैठक त्यांनी बंद केली. खुर्ची प्राचार्यांकडे कायमची परत गेली. वर्षअखेरीस बाईही नोकरी सोडून भावाकडे गेल्या. मे महिन्यात एसटीनं घरी जाताना मी खिडकीतून त्या रस्त्याची कामं पाहिली. दोन काठ्या आणि वर घोंगडं. दोन काठ्या आणि वर घोंगडं. मांडव कुठंच नव्हता. घोंगड्याखाली काय आहे, ते बघायला नको म्हणून मी खिडकीची काच ओढून घेतली.

मी शिक्षिका झाले. महिलांच्या कार्यक्रमांत बोलू लागले, बरी बोलते म्हणतात. बाईंना मधे एकदा भेटले होते. म्हाताऱ्या झाल्या होत्या, हातात तेच बंद घड्याळ. चहा देता देता म्हणाल्या, "ती गयाबाई का गं आली नसेल?" मी बशीतला चहा फुंकत राहिले. तो निवाला, तरी फुंकत राहिले.

गेल्या महिन्यात बाई वारल्या. वसतिगृहात शोकसभा होती. माझी एसटी वाटेत बंद पडली आणि मी पोचले तेव्हा सगळे बसले होते. दार लोटलेलं होतं. मी हलकेच थाप मारली. दार उघडलं ते आमच्या स्वयंपाकीण मावशीनं. कमरेत वाकलेली, पण नजर तशीच. समोर एक प्लास्टिकची खुर्ची रिकामी होती. मावशीनं माझा हात धरला.

"ये गं चिटणीस. बस तितं. शेवटची आलीस न्हवं? तूच अध्यक्ष."

ती हसत होती, डोळे पुसत होती. बाकीच्यांना नियम ठाऊक नव्हता. सगळे माझ्याकडे बघत होते. मी बसले. एकेकाचं बोलून झालं. माझी पाळी आली तेव्हा मी उठून थाळीची गोष्ट सांगितली, मावशीच्या जेवणाची सांगितली, टेरिलीनच्या पँटचीही सांगितली. लोक हसले. मग बाईंच्या फोटोला हात जोडून खाली बसले, आणि लोकांना ते फार आवडलं.

अध्यक्षानं खरं बोलावं एवढ्यासाठी त्या खुर्चीचा सगळा खटाटोप होता. तेव्हा नाही जमलं, ते इथे सांगते. निरोपाला उशीर झालाय, बाई, पण तुमच्याकडे किती वाजले असतील? पुष्कळच.

बाई, गयाबाई आल्ती. भ्याली नव्हती.