भुईचाफ्याची जागा

दुपारचं जेवण झालं की मी पडवीतल्या बाकावर आडवा होतो. झोप येते असं नाही, पण बसून तरी काय करायचं. आश्विनातलं ऊन अंगणात असं पडतं की बघता बघता डोळे आपोआप मिटतात. आज ते मिटतात तेव्हा मला पाण्याचा आवाज येतो. कुणीतरी अंगणात ओंजळीने पाणी शिंपडतंय.

घरात माझ्याशिवाय कुणी नाही. माझी बायको हेमलता, तिला जाऊन पाच महिने झाले.

मी बघतो तर ती अंगणात उभी आहे. पदर खोचलेला, पायाशी बादली.

"इतकं वाळू देतात का अंगण?" ती म्हणते. "पाय अडकेल एवढ्या भेगा पडल्यात."

"तू कधी आलीस?"

"ते विचारत बसू नका. चोपणं काढा."

आमच्याकडे पाऊस संपला की अंगण नव्याने करतात. गवत तासायचं, लाल माती ओढायची, पाणी मारायचं, मग चोपण्याने, म्हणजे मूठ असलेल्या जाड लाकडी फळीने, ठोकून ठोकून जमीन घट्ट करायची आणि शेणाने सारवायची. बागही तेव्हाच आखायची, कारण चोपलेल्या जमिनीत काही उगवत नाही. काय चोपायचं नाही ते आधी ठरवावं लागतं. आमच्याकडे ते ती ठरवायची. जुनी कौलं उभी रोवून वाफ्यांना कड करायची. पुढे झेंडू, तुळशीवृंदावनाच्या मागे शेवंती, पायरीशी अबोली. मी कौलांपर्यंत ठोकत जायचो आणि थांबायचो. चौतीस वर्षं असंच केलं.

यंदा मी काहीच केलं नाही. उद्या सकाळी पेव्हर ब्लॉकवाला येणार आहे. आमच्या मुलाने, दीपेशने, पनवेलहून फोनवर ठरवलं. "बाबा, गुडघे बघा तुमचे. एकदा ब्लॉक बसले की दर वर्षीची कटकट गेली." मी बरं म्हटलं. ते एका माणसाचं कामही नव्हे. एकाने पाणी मारायचं, एकाने ठोकायचं.

एक गोष्ट मात्र मी दीपेशला सांगितलेली नाही. तिचा भुईचाफा कुठे आहे ते मला माहीत नाही.

त्याचे गड्डे तिने लग्नाच्या पहिल्या वर्षी माहेराहून आणले होते. वैशाखात कोरड्या जमिनीतून नुसतं फूल वर येतं. पानं नंतर, पावसात. आश्विनात ती सुकून जातात आणि वर काही राहत नाही. आधी ते विहिरीजवळ होते. कोंबड्या उकरतात म्हणून गेल्या पौषात तिने हलवले. कुठे लावले ते मला सांगितलं. मी स्कूटरचा प्लग साफ करत होतो. हूं म्हटलं.

वैशाखात आम्ही दोघं जिल्ह्याच्या इस्पितळात होतो. फुलं आली असतील तर ती कुणी बघितली नाहीत. मी एकटा परत आलो तोवर पाऊस लागला. अंगणात, वाफ्यांत, कुंपणाशी गवत माजलं. एक दिवस कोयती घेतली आणि समोर येईल ते कापत गेलो. संध्याकाळी ढिगात एक पान उलटं पडलेलं दिसलं, खालून जांभळं. रानहळद समजून मी तिचा भुईचाफाच कापला होता. कुठे कापला ते काही केल्या आठवेना.

ब्लॉकवाला सगळीकडची वीतभर माती काढणार आहे.

चोपणं माझ्या हातात आहे. मी उकिडवा बसतो आणि पहिला ठोका घालतो. ओली जमीन दबते.

"जोर गेला की तुमचा."

"तूच पाणी कमी मारतेस."

"कमी? मग चिखल करून ठेवते. घसरा त्यात आणि बसा ओरडत."

ती पुढे पुढे पाणी मारत जाते, मी मागून ठोकत जातो. गुडघे दुखत नाहीत. मान वर करतो तेव्हा आम्ही एसटीच्या डेपोत आहोत. इथे मी एकतीस वर्षं गाड्या दुरुस्त केल्या. ज्या खड्ड्यात उतरून मी गाड्यांच्या पोटाखाली काम करायचो, त्याच्या दोन्ही कडांना कौलं रोवलेली आहेत आणि ती वाकून झेंडूची रोपं लावते आहे. एक लाल गाडी बाजूला उभी आहे. आत कुणी नाही, पण इंजिन चालू आहे.

"हातभर अंतर ठेवायचं," ती म्हणते. "तुम्ही गर्दीत माणसं कोंबल्यासारखी लावता."

"इथे तेल सांडलंय सगळीकडे. रोपं जगतील का?"

"तुमच्या कपड्यांतलं तेल मी एकतीस वर्षं काढलं. जमिनीचं काय घेऊन बसलात."

मला हसू येतं. तीही हसते, पण माझ्याकडे बघत नाही. आता विचारायला हवं, नाहीतर ही जाईल, असं मला वाटतं.

"हेमा, भुईचाफा कुठे लावलास?"

"सांगितलं होतं."

"मी ऐकलं नाही."

"माहीत आहे. ऐकलं की तुम्ही उलट काहीतरी बोलता. नुसतं हूं म्हणालात की मला कळतं."

"मग परत का नाही सांगितलंस?"

ती रोपाच्या मुळाशी माती दाबते. "म्हटलं, विचाराल कधीतरी."

गाडीचं इंजिन बंद पडतं. सगळीकडे शांत होतं.

आम्ही इस्पितळाच्या वॉर्डात आहोत. खिडकीजवळची तिची खाट. बाकीच्या खाटा रिकाम्या, गाद्या गुंडाळलेल्या. फरशी मात्र नाही. खाली लाल माती आहे, नुकतं पाणी मारलेली. ती खाटेच्या कडेला बसली आहे आणि तिचे पाय जमिनीला टेकत नाहीत.

"इथे कशाला आणलंस मला?"

"मी कुठे आणलं? तुम्हीच येता इथे. रोज."

ते खरं आहे. दिवसातून कितीतरी वेळा मी याच खाटेपाशी येऊन उभा राहतो.

"ठोका की," ती म्हणते. "बघताय काय?"

मी चोपणं उचलतो. खाटेखालची माती मऊ आहे, एका जागी किंचित वर आलेली. हात वरच राहतो.

"इथे नको. खाली काही असलं तर?"

"काय असणार?"

"मला काय माहीत? म्हणूनच नको."

ती माझ्याकडे बघते. आल्यापासून पहिल्यांदाच नीट बघते. आजाराच्या आधीचा तिचा चेहरा, जरा भरलेला, कपाळावर घाम.

"मग थांबा," ती म्हणते.

"कुठवर?"

"वैशाखापर्यंत. त्याचं तो दाखवेल कुठे आहे ते. मी कशाला सांगायला हवं?"

"सात महिने आहेत मध्ये. तोवर मी एकट्याने काय करू?"

हे मी मोठ्याने बोलतो. पाच महिन्यांत हे कुणाशीच बोललो नव्हतो. दीपेशशीही नाही. मला वाटतं ती जवळ येईल, हात धरेल. ती तशी कधी नव्हतीच.

"शेवंती कळ्यांनी वाकलीय, तिला काठ्या द्या. गुलाब छाटायचे राहिलेत. फार खाली छाटू नका, गेल्या वर्षी नुसते बुंधे ठेवले होतेत. वृंदावनाला गेरू लावा, तुळशीचं लग्न आलं. अबोलीचं बी गोळा करून ठेवा."

"आणि अंगण?"

"राहू दे यंदा भेगाळलेलं. कोण बघायला येतंय?"

"कुणीच येत नाही."

"मग झालं तर."

आम्ही परत आमच्या अंगणात आहोत, की तिच्या माहेरच्या, नक्की सांगता येत नाही. विहीर तिथली आहे, पायरी इथली. ऊन मागे सरकलंय. ती बादली उपडी करते, तिच्यावर बसते आणि पदराने मान पुसते.

"वैशाखात येशील तू? फुलं बघायला?"

ती बादलीवर हाताने टकटक करते.

"पाणी संपलं," ती म्हणते.

मी पडवीत आहे. चार वाजून गेलेत. समोर अंगण कोरडं ठणठणीत, भेगा आहेत तशा. चोपणं माळ्यावर आहे, मीच दोरीने बांधून ठेवलं होतं. उठून बघून येतो. दोरी तशीच आहे आणि वर बोटभर धूळ.

चेहऱ्यावर पाणी मारायला जातो तेव्हा उजवा हात झोंबतो. तळहातावर, बोटांच्या मुळाशी, फोड आलाय. ताजा, पाण्याने भरलेला, वाटाण्याएवढा. आज सकाळपासून मी चहाच्या कपापेक्षा जड काही उचललेलं नाही.

डाव्या हाताने फोन लावतो.

"उद्या येऊ नका."

"काका, माल टेम्पोत भरून ठेवलाय," ब्लॉकवाला म्हणतो.

"उतरवून ठेवा."

"अहो, मग कधी येऊ?"

"वैशाखानंतर बघू."

"वैशाख म्हणजे कुठला महिना?"

"मे धरा. आणि आलात तरी सगळं अंगण मिळणार नाही. थोडी जागा सोडावी लागेल."

"कुठली, तेवढं सांगा. तसं माप घेतो."

"ते मला अजून माहीत नाही," मी म्हणतो.

तो बरं म्हणतो, आणि काळजी घ्या काका, असंही म्हणतो.

फोन ठेवून मी पायरीवर बसतो. मूठ मिटली की फोड दुखतो. मी ती हळूहळू मिटतो, उघडतो आणि पुन्हा मिटतो.