पत्र्याखालची गणती

वस्तीत तिला सगळे गणतीताई म्हणत. आधी ती पिशव्या शिवायच्या कारखान्यात होती. कारखाना बंद पडला आणि तिला नगरपालिकेच्या पाहणीचं काम मिळालं. शहराच्या टोकाला, बंद खाणीच्या कडेने पसरलेल्या तिच्याच वस्तीतली एकेक खोली बघायची आणि फोनमधला फॉर्म भरायचा: माणसं किती, वयं काय, कामाला कोण जातं, खिडक्या किती, छत कशाचं. शेवटी थर्मामीटर धरून खोलीचं तापमान टिपायचं.

बायका थट्टा करत. "आमच्याकडे माणसं सात, उंदीर धरून अकरा. कुठल्या रकान्यात टाकतेस?"

पहिल्या आठवड्यात तीही हसली. तिसऱ्या आठवड्यात मात्र ती रात्री आकडे पुन्हा पुन्हा काढून बघू लागली. तीनशे खोल्या आणि नव्वद खिडक्या. झाडं पाच, त्यातली तीन गोदामाच्या कुंपणाआत. बाहेर एकेचाळीस अंश असले की पत्र्याखाली पंचेचाळीस. आणि अकरा म्हातारी माणसं अगदी एकटी राहणारी. गेल्या उन्हाळ्यात मागच्या गल्लीतली एक आजी दोन दिवसांनी घरात मेलेली सापडली होती. तिचं दार उघडलं तेव्हा गणतीताई तिथेच उभी होती. तेव्हापासून बंद दार दिसलं की ती आतून ओ येईपर्यंत हलत नसे.

त्या दिवशी दुपारी अडीचला ती शिंपीकाकांच्या दाराशी आली. सत्तरी ओलांडलेला माणूस, मुलगी दुसऱ्या गावी. काकांचं दार दिवसा कधी बंद नसायचं. आज आतून कडी होती. तिने दार वाजवलं, हाका मारल्या. आत पंखाही फिरत नव्हता, कारण सकाळपासून वीज गेली होती.

समोर वेल्डिंगचं दुकान होतं. वेल्डर डोक्यावर ओला पंचा टाकून बसला होता.

"झोपले असतील गं," तो म्हणाला. "उगाच म्हाताऱ्याची झोप का मोडतेस?"

"सकाळी पाहिलंस का त्यांना?"

तो विचारात पडला. "काल संध्याकाळी पाहिलं."

तिने पत्र्याच्या दाराला कान लावला आणि चटकन मागे घेतला. कान भाजला होता. आत काहीतरी घासल्यासारखा आवाज झाला की तिलाच भास झाला, कळेना. पळून जावं असं तिला फार वाटलं. आत काय दिसेल ते बघायला दुसरं कोणीतरी यावं, आपण पुढच्या दाराला जावं. पण पाय हलेनात.

"बिजागरी काप," ती म्हणाली. आवाज स्वतःचा वाटत नव्हता.

"आणि ते झोपलेले निघाले तर?"

"तर शिव्या मी खाईन. काप."

विजेअभावी मशीन बंद, म्हणून त्याने छिन्नी-हातोडा आणला. चार घावांत दार एका बाजूला लोंबलं. आतून भट्टी उघडल्यासारखी धग आली. काका पाण्याच्या पिंपाशेजारी आडवे होते, एक हात पिंपाला टेकलेला. गणतीताई उंबऱ्यावरच थांबली. वेल्डरने खाली वाकून नाकाशी बोट धरलं.

"आहेत," तो म्हणाला. "आहेत अजून."

अंग तापलेल्या तव्यासारखं होतं, घामाचा टिपूस नाही. डोळे अर्धवट उघडे, पण ते कोणाला ओळखत नव्हते. पाहणीच्या आधी प्रशिक्षणात नर्सबाईंनी सांगितलेलं गणतीताईला आठवलं: शुद्धीत नसलेल्याच्या तोंडात पाणी ओतायचं नाही. तिने पिंपातलं पाणी त्यांच्या अंगावर ओतलं, चादर भिजवून पांघरली, फॉर्मच्या पुठ्ठ्याने वारा घालत राहिली. वेल्डरने फोन करून बोलावलेली ॲम्ब्युलन्स बोळात शिरत नव्हती. शेवटी वेल्डरने आणि दोन शेजाऱ्यांनी तेच काढलेलं दार आडवं धरलं, काकांना त्यावर निजवलं आणि मुख्य रस्त्यापर्यंत नेलं.

गाडी गेली आणि तिला एकदम स्वतःचं घर आठवलं. घरी सासूबाई. नवरा ट्रकवर. सकाळी आठपासून त्या एकट्या, तसल्याच पत्र्याखाली, आणि वीज तिकडेही नाही. कागदावर त्या एकट्या नव्हत्या, म्हणून अकरांत मोजल्याच नव्हत्या.

ती धावत सुटली. घराचं दार सताड उघडं होतं. खाट रिकामी. चपला जागेवर नाहीत. तिने मोरीत पाहिलं, खाटेखाली पाहिलं, मग स्वतःच्याच घरात वेड्यासारखी "आई, आई" करत फिरली. शेजारणीच्या दाराला कुलूप. गल्लीत चिटपाखरू नाही.

अखेर पाण्याच्या उंच टाकीखालच्या सावलीत चार-पाच म्हाताऱ्या बसलेल्या दिसल्या. मधोमध सासूबाई, पाय पसरून, मानेवर ओला रुमाल.  गणतीताई तिथेच सिमेंटवर बसली आणि हुंदके देऊ लागली.

"अगं, काय झालं?" सासूबाई म्हणाल्या. "परवा तूच थर्मामीटर धरून म्हणालीस, आपली खोली चव्वेचाळीस. मग काय तिथे शिजत बसू? या शेजारणीला उठवलं, तिने त्या दोघींना उठवलं."

"सांगून जायचं ना, आई."

"कोणाला सांगू? तू दुसऱ्यांची घरं मोजत होतीस."

शिंपीकाका बाराव्या दिवशी घरी आले. डावा पाय जड झाला होता आणि शिवणयंत्र आता त्यांना चालवता येत नव्हतं. वेल्डरने नवं दार बसवलं, कडी बाहेरूनही निघेल अशी. पाहणीचे आकडे नगरपालिकेत गेले. उत्तर आलं नाही. पत्रे होते तसेच राहिले.

गणतीताईचं काम संपलं, पण उन्हाळा संपला नव्हता. रोज अडीचला ती आणि सासूबाई निघत. अकरा दारं होती, काकांचं धरून. प्रत्येक दाराशी हाक मारून आतून ओ येईपर्यंत तिचा श्वास अडकलेला असे. अकरा वेळा. सासूबाई म्हणत, "सवय होईल." तिला सवय झाली नाही.