पंधरा दिवसांचं मौन

परसू गेल्याची बातमी आमच्या 'लिंबाखाली' या ग्रुपवरच आली. दुपारचे तीन वाजून गेले होते, मी जेवून खाटेवर आडवा झालो होतो. फाट्यावर जीप चालवणाऱ्या रमेशनं लिहिलं होतं, "परसूभाऊ गेले." बस, दोन शब्द. आणि मी काय केलं? चष्मा लावला आणि लिहिलं, "खातरजमा केली का? आपल्या नियमाप्रमाणे मृत्यूची बातमी स्वतः घरी जाऊन आलेल्यानंच द्यावी." जन्मभर तालुक्याच्या कोर्टात कारकुनी केलेल्या माणसाचं डोकं असं चालतं. मिनिटभरानं रमेशचं उत्तर आलं, "बाबू, मी त्याहीच्या बाजूलेच बसून हावो. हात हातातच हाये माह्या." आज सहा आठवडे झाले. माझं ते वाक्य अजून ग्रुपवर तसंच आहे. पुसायचं तेव्हा हात धजला नाही, आता पुसता येत नाही.

परसराम राठोडचं दिग्रसला मोटार वायंडिंगचं दुकान होतं आणि घर सहा-सात किलोमीटरवरच्या तांड्यात. आमची ओळख भांडणातून झाली. माझ्या बोअरची मोटार बंद पडली म्हणून मी ती रिक्षात घालून त्याच्याकडे नेली. त्यानं झाकण उघडलं, वास घेतला आणि म्हणाला, "मोटार जळली नाही बाबू, तुमी जाळली. होल्टेज नसताना काहून चालू केली?" मला राग आला. मी कोर्टातला माणूस, मला कोणी असं तोंडावर दोषी ठरवत नसे. अर्धा तास मी त्याच्याशी वाद घातला, तो ऐकत ऐकत जळकी तार उलगडत राहिला आणि शेवटी म्हणाला, "तुमचं बोलनं झालं असंल तं चहा सांगतो." त्या दिवसापासून मी त्याच्या दुकानातल्या बाकड्यावर बसायला लागलो ते चौदा-पंधरा वर्षं. हंगामात मोटार दुरुस्तीला आलेली माणसं तासन्‌तास त्या बाकड्यावर ताटकळायची आणि कापसावरच्या बोंडअळीपासून एसटीच्या वेळापत्रकापर्यंत सगळ्यावर वाद घालायची. मोटारी घेऊन माणसं गेली तरी वाद राहायचे, म्हणून परसूनं ग्रुप काढला. तांड्यात त्याच्या पणज्याच्या घरासमोर लिंबाचं झाड होतं, तिथे पंच बसून तांड्याचे तंटे सोडवत. त्या झाडावरून नाव.

ग्रुपचे नियम मी लिहिले. एकोणतीस कलमं, पोटकलमं वेगळी. परसूनं कागद दोन वेळा वाचला आणि म्हणाला, "बाबू, हे कोनाच्या ध्यानात राह्यते? नियम मानसाच्या तोंडात मावला पाह्यजे." मग त्यानं त्यातले चार ठेवले आणि माझ्या उरलेल्या पंचवीस कलमांच्या कागदात मोटारीचे स्क्रू बांधले. फुलं-सूर्य-चहाचे फोटो टाकायचे नाहीत. दुसऱ्याचं आलेलं पुढं ढकलायचं नाही, स्वतःचं लिहायचं. वाईट बातमी खात्री करूनच द्यायची. कोणालाही त्याचं म्हणणं ऐकल्याशिवाय ग्रुपबाहेर काढायचं नाही. आणि पाचवा नियम त्याच्या तांड्यातून आला होता. चुकला असेल त्यानं आपली चूक आपण सांगायची आणि शिक्षाही आपणच सांगायची, इतके दिवस मी लिहिणार नाही, नुसतं वाचीन. चिठ्ठ्या टाकून पाच पंच निवडायचे. पंचांनी शिक्षा कमी करावी, शेवटच्या दिवसापर्यंत केव्हाही करावी, वाढवू मात्र नये. मला हे हास्यास्पद वाटलं होतं. मी म्हणालो, "अरे, सगळे स्वतःला एक दिवसाची शिक्षा देतील." तो म्हणाला, "देऊ द्या. आज्या सांगत होता, मानूस चारचौघांत सोतालेच कमी दंड सांगू शकत नाही. लाज वाटते."

ते खरं निघालं, आणि माझ्यावरच निघालं. वायरमनकी शिकणाऱ्या एका पोरीनं ग्रुपवर काहीतरी लिहिलं, त्यात ऱ्हस्वदीर्घाचा पार चिवडा होता. मी लिहिलं, "आधी मराठी शिका, मग मत द्या." पोरगी गप्प झाली, ती झालीच. परसूनं ग्रुपवर विचारलं, "बाबू, तुमची चूक तुमी सांगा." मी एक दिवस सांगितला. त्यानं सर्वांसमोर लिहिलं, "एक दिस तं तुमी झोपेतच काढसान." अडीचशे लोक हसले. मी चिडून सात दिवस म्हणालो आणि सात दिवस फोन हातात घेऊन धुमसत राहिलो. त्याच्या दुकानावरही गेलो नाही. नंतर गेलो, चहा प्यालो, हसलो, पण खरं सांगायचं तर त्याच्यावर मी दात धरून होतो. साठी ओलांडलेल्या माणसानं असं करावं का? करू नये. केलं.

यंदा कापसाच्या वेचणीच्या दिवसांत ते घडलं. ग्रुपमधल्या एका किराणा दुकानदारानं आवाजाची एक फीत टाकली. घाटंजीच्या बाजारात पोरं पळवणाऱ्या तीन बाया फिरताहेत, गाठोडी घेऊन, दिसतील तिथे धरा. असं कुठून कुठून फिरत आलेलं. परसूनं दोन मिनिटांत ती फीत काढून टाकली आणि दुकानदारालाही काढून टाकलं. ना विचारणं, ना ऐकणं. मग मोटारीचं काम तसंच सोडून त्यानं बाजारातल्या ओळखीच्या लोकांना फोन लावले. जुने कपडे घेऊन भांडी देणाऱ्या बोहारणी होत्या त्या. भोवती माणसं जमायला लागलीच होती. दोघा-चौघांनी त्यांना मधे घेऊन यवतमाळच्या गाडीत बसवून दिलं. मी संध्याकाळी दुकानात गेलो तर परसू एकच तार गुंडाळून पुन्हा उलगडत होता. "बाबू," तो म्हणाला, "आमची मानसं बैलाईवर मीठ लादून हिंडत, तं गावोगाव हेच आयकत. चोर आले, पोरं सांभाळा... पणज्याच्या पाठीवर वळ होते म्हने आज्या." त्याचं म्हणणं मला कळलं होतं. अगदी पूर्ण कळलं होतं.

पण दुकानदाराचंही म्हणणं होतं, आणि ते त्यानं मला फोन करून सांगितलं. "मले दोन पोरी हायेत बाबू. भेव वाटलं म्हून टाकलं. चुकलो असन, पन मले इचारलं तं पाह्यजे होतं ना?" पाह्यजेच होतं. नियम होता. फीत काढणं ठीक, माणूस काढणं नाही. मी ग्रुपवर तसं लिहिलं. लिहिलं की, आज चांगल्या कामासाठी नियम मोडला तर उद्या वाईटासाठी मोडणाऱ्याला आपण काय सांगणार? वाक्य मला फार आवडलं होतं, दोनदा वाचून मग पाठवलं. परसूनं वाद घातला नाही. "बरोबर हाये," त्यानं लिहिलं, "चूक माही. त्याहीले परत घेतो, माफी मांगतो. अन् मी पंधरा दिस लिवनार नाही." इतकी मोठी शिक्षा तोवर कोणी स्वतःला दिली नव्हती.

चिठ्ठ्या निघाल्या त्यात माझं नाव आलं. दोन पंच म्हणाले, तीन दिवस पुरे, माणूस वाचवायला गेला होता. दोघं म्हणाले, त्यानं सांगितली तीच राहू द्या, त्याचाच मान आहे. राहिलो मी. मी म्हणालो, "पंधराच. नियम तो नियम." त्या मतात नियम किती होता आणि ते सात दिवस किती होते, हे मला तेव्हाही नीट माहीत नव्हतं आणि आजही वेगळं काढता येत नाही. एवढं मात्र सांगतो की मत देताना मला बरं वाटलं होतं.

आठव्या दिवशी मी दुकानात गेलो. वाटलं, तक्रार करील, निदान टोमणा मारील. त्यानं चहा सांगितला, नातीच्या शाळेचं बोलला, कापसाचं बोलला. ग्रुपचं नाव नाही. शेवटी मीच विचारलं, "जड जातंय का रे?" तो तार गुंडाळता गुंडाळता म्हणाला, "वाचाले तं भेटून राह्यलं ना बाबू. बोट लय शिवशिवते, पन ठीक हाये. आपून लय बोलून राह्यलो होतो, हे समजून राह्यलं." तेव्हा माझ्या जिभेवर आलं होतं की, जाऊ दे, मी माझं मत बदलतो, आजच लिहितो. केव्हाही बदलता येत होतं. पण वाटलं, आता सातच दिवस राहिलेत, कशाला? चहा संपवून घरी आलो.

अकराव्या दिवशी तो दुकानात गेला नव्हता. सकाळपासून छातीत जड वाटत होतं, गॅस असेल म्हणून ओवा चावून बसला होता. तांडा रिकामा, सगळी माणसं वेचणीला. हे मला त्याच्या बायकोनं, जमनावहिनीनं, तिसऱ्या दिवशी राख सावडायला गेलो तेव्हा सांगितलं. नेहमीच्या ऑटोवाल्याला त्यानं फोन लावला, तर तो सवारी घेऊन पुसदला गेलेला. वहिनी म्हणाल्या, "मी त्याहीले म्हनलं, ग्रुपवर टाका ना, कोनाची बी गाडी येते. मागं सरपंचाच्या मायसाठी नाही आली का, दहा मिनटांत?" आली होती. रक्त लागलं तरी, गाडी लागली तरी आमच्या ग्रुपवर एक ओळ पुरत असे. "तं हासले," वहिनी म्हणाल्या, "म्हनाले, चार दिस बाकी हायेत. ऑटोवाला येऊन राह्यला, येवढं काय..." मग त्या शेताकडे माणसं बोलवायला धावल्या. माणसं आली, फाट्यापर्यंत मोटारसायकलवर मधे धरून नेलं, तिथे रमेशची जीप उभी होती. दिग्रस यायच्या आत सारं आटोपलं. रमेश मला पुन्हा पुन्हा एकच सांगतो. तो त्या दिवशी सकाळी अकरापासून फाट्यावरच होता, सवारी नव्हती म्हणून. फोन हातात होता. ग्रुपच वाचत होता.

त्यानंतर मला ग्रुप उघडवेना. उघडला की वाटायचं, तो आहे, वाचतो आहे, बोट शिवशिवतंय, पण लिहीत नाही. अकरा दिवस आम्ही सगळ्यांनी त्याचं गप्प राहणं पाहिलं होतं आणि कोणालाच त्यात काही वावगं दिसलं नव्हतं. बाराव्या दिवशीही तो तसाच गप्प होता. फरक काय होता सांगा? मग तेरवी झाल्यावर कोणीतरी सुचवलं की नियमात भर घालू, जिवावर बेतलं तर कोणाचंही मौन मौन नाही. सगळ्यांनी होकार दिला. मी नियमाचा मजकूर लिहून पाठवला आणि कोणी कोणी वाचला ते सहज पाहिलं, तर नावांच्या रांगेत परसराम राठोड. वाचलं, चार वाजून दहा मिनिटं. माझे मागचे संदेश काढून पाहिले. सगळे त्यानं वाचलेले होते. तेरवीच्या जेवणाचा, फवारणीच्या औषधाचा, तो "खातरजमा केली का" सुद्धा.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं मी तांड्यात गेलो. वहिनी अंगणात तूर पाखडत होत्या. फोन भिंतीतल्या कोनाड्यात, चार्जिंगला लावलेला. मी विचारलं, फोन कोण पाहतं? "मीच," त्या म्हणाल्या. "मले वाचता नाही येत बाबू. पन वाजला की उघडून ठेवतो. ते म्हनत, कोनाचं बोलनं आयकल्याबिगर ठेवू नोये." मग सूप खाली ठेवून त्यांनी मला विचारलं, अगदी साध्या आवाजात, बाजारभाव विचारावा तसं, "बाबू, त्याहीची शिक्षा सरली का? मले कोनी सांगतलं नाही. दिस मोजाचे राहूनच गेले."

पंधरा दिवस तर केव्हाच उलटले होते. पण सरली असं माझ्या तोंडून निघेना, कारण ती त्यानं पुरी भोगली नव्हती आणि मी ती माफही केली नव्हती. मी तिथेच ओट्यावर बसलो, फोन काढला आणि लिहिलं, "पंच म्हणून मी माझं मत बदलतो. परसराम राठोड यांची शिक्षा पंधराऐवजी तीन दिवसांची असावी. ती तीनच दिवसांची असायला हवी होती." पाठवलं. कोनाड्यातला फोन वाजला. वहिनींनी पदराला हात पुसले, फोन उतरवला, बोटानं उघडला आणि माझ्यापुढं धरला. "काय लिवलं?"

मी वाचून दाखवलं. त्या अंगठ्यानं बोटांची पेरं मोजू लागल्या, एक, दोन, तीन, आणि पुढे अकरापर्यंत. मोजून झालं तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाहिलं. डोळ्यांत राग नव्हता, असता तर बरं झालं असतं.

"मंग त्या दिशी ते बोलू शकत होते," त्या म्हणाल्या.

मी हो म्हणालो.