कुलरच्या पाठीमागे गाडी

मुलीचा हात मी उचलत होते आणि सोडला की तो चटईवर पडत होता. तोंडावर पाणी मारलं, पापणी हलली नाही. गाल लालबुंद. बाजूच्या खाटेवर सासू होती, तोंड उघडं, एक पाय खाली लोंबत. तिला गदागदा हलवलं. छातीतून घरघर आली, डोळे काही उघडले नाहीत.

मी ओरडले. शेजारची काकू धावत आली. तिनं मुलीच्या गालाला हात लावून पाहिला.

"ऊन लागलं वं दोघींले. पयले दार लाव, झळ येऊन राहिली. कुलर जोरात कर."

मी दार लावलं. कुलरचं बटण फिरवून तो जोरात केला. मुलीला चटईसकट ओढून त्याच्या अगदी पुढ्यात नेलं. काकू कांदा ठेचून तिच्या तळपायांना चोळू लागली. नागपुरात मे महिन्यात माणूस असा पडला की ऊन लागलं असंच समजतात. दुसरं काही डोक्यात येत नाही.

मागच्या शेडमध्ये गाडीचं इंजिन चालू होतं. त्याचा आवाज दुपारभर येत होता, म्हणून तो आता ऐकूही येत नव्हता.

गाडी आमची स्वतःची, जुनी, काळ्या रंगाची. नवरा ती भाड्यानं चालवायचा. लकडगंजातल्या लाकडाच्या व्यापाऱ्यांना न्यायचा, लग्नसराईत नवरदेव न्यायचा. त्या दिवसांत ती फार पेट्रोल खायला लागली होती. मागून काळा धूर निघे, प्लग काढले की काजळीनं माखलेले. तापल्यावर बंद केली की लवकर सुरू होत नसे. कार्बोरेटरमधून पेट्रोल जास्त जातं आणि हवा कमी पडते, एवढं मलाही ऐकून ऐकून कळलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी एक नवरदेव न्यायचा होता, म्हणून नवरा त्या दुपारी दुरुस्तीला बसला.

त्यानं चोक अडकला आहे का पाहिलं. नव्हता. हवेची जाळी झटकली. जेट, म्हणजे पेट्रोलची बारीक तोटी, काढून तिच्यात फुंकर मारली. स्क्रू थोडा थोडा फिरवून पाहिला. दर वेळी गाडी सुरू करायची, चालू ठेवून कान लावायचा, आणि दर वेळी तोच काळा धूर.

जेवणानंतर सासू मागच्या दारात उभी राहून बघत होती.

"काय गा, बायकोले कधी इतकं निरखून पाह्यलं का तू?"

"तिच्यातून धूर निघाला की पाहीन," तो म्हणाला.

"निघते," मी म्हटलं. "तुमचंच मागं लक्ष नसते."

सासू हसली आणि नातीला घेऊन आत झोपायला गेली. तिचं बोलणं मी ऐकलं ते हेच शेवटचं.

आमची शेड घराच्या मागच्या भिंतीला लागून होती. तिचं तोंड मागच्या गल्लीकडे, वर टिन, तीन बाजू बंद. गाडी नेहमी तोंड आत करून उभी असायची. त्या दिवशी बॉनेटवर उजेड पाहिजे म्हणून नवऱ्यानं ती उलटी लावली, बॉनेट गल्लीकडे आणि मागची बाजू घराच्या भिंतीकडे. त्याच भिंतीच्या खिडकीत कुलर बसवला होता. कुलर बाहेरची हवा ओढतो आणि ओल्या वाळ्यातून आत फेकतो, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. गाडीच्या धुराची नळी आता कुलरच्या पाठीशी आली आहे, हे कोणाच्या लक्षात आलं नाही. घरात वाळ्याचाच वास होता. आणि सासूला झळ सोसत नसे, म्हणून समोरचं दार बंद करून त्यावर ओलं पोतं टांगलेलं.

मी अंगणातल्या स्वयंपाकघरात होते. शेवटी नवरा म्हणाला, "पाणी ठेव वं गरम. फ्लोट काढून बुडवून पाहतो." फ्लोट म्हणजे कार्बोरेटरमधली पितळेची पोकळ डबी. तिला भोक पडलं की ती बुडते आणि पेट्रोल जास्त जातं; गरम पाण्यात धरली की भोकातून बुडबुडे येतात. भोक होतंच, पण ते आम्हाला नंतर कळलं. पाणी तापेपर्यंत तो गाडी अजून एकदा चालू ठेवून पाहत होता. मुलीला पन्हं द्यावं म्हणून मी आत गेले, तेव्हा ती उठेना.

माझं ओरडणं इंजिनच्या आवाजात त्याला आधी ऐकूच गेलं नाही. मग काकूनं मागच्या दारातून हाक मारली तेव्हा तो आला.

"ऊन लागलं गा," काकू म्हणाली. "बसू दे मले जराशी. माह्यंही डोकं भणभणून राहिलं."

माझेही पाय लटपटत होते. मला वाटलं, भीतीनं. नवरा मुलीजवळ वाकला आणि तसाच थांबला. कुलरमधून फरशीवर पाणी ठिबकत होतं. ते काळं होतं. त्यानं बोट लावून नाकाशी नेलं.

"धूर," तो म्हणाला. "कुलर गाडीचा धूर ओढून राहिला."

हिवाळ्यात बंद शेडमध्ये इंजिन चालू ठेवून झोपू नको, झोपलेला उठत नाही, असं त्याला गाडी शिकवणाऱ्यानं सांगितलं होतं. ते तो मला नेहमी सांगायचा. हे मात्र शेड नव्हतं, घर होतं, आणि महिना मे होता.

तो धावत जाऊन गाडी बंद करून आला. मी कुलरचं बटण बंद केलं, दार उघडलं. मुलीला उचलून अंगणात नेलं, रणरणत्या उन्हात. नवऱ्यानं आईला खाटेसकट ओढत आणलं.

"उन्हात काहून नेता? मारता का त्याहिले?" काकू किंचाळली.

"हवा पाहिजे दोघींले!" नवरा तिच्यावर ओरडला.

मुलीनं एकदा ओकारी काढली. पुन्हा मान टाकली. तिला दवाखान्यात न्यायचं तर गल्लीत दुसरी गाडी नव्हती. हीच होती, आणि ही तापलेली, नुकतीच बंद केलेली. दोघींना मागच्या सीटवर घातलं. मुलगी माझ्या मांडीवर. नवऱ्यानं किल्ली फिरवली. इंजिन घरघरलं आणि थांबलं. पुन्हा फिरवली. पुन्हा तेच. तो ॲक्सिलरेटरवर धपाधप पाय मारत होता. पेट्रोलचा भपकारा आला. मुलीच्या नाकापुढे मी बोट धरलं होतं, श्वास लागत होता की नव्हता ते मला कळत नव्हतं.

"पाय नका मारू!" मी म्हटलं. "तुम्हीच म्हणता ना, इंजिनात पेट्रोल साचलं की पाय दाबून ठेवायचा. दाबा आणि ठेवा!"

त्यानं पाय खालपर्यंत दाबला आणि धरून ठेवला. किल्ली फिरवली. खूप वेळ काही झालं नाही. बॅटरी मंदावत चालली होती. मग इंजिन एकदा खोकलं, दुसऱ्यांदा खोकलं आणि भडकन सुरू झालं. मागं काळ्या धुराचा लोट उठला. काच पूर्ण खाली करून आम्ही निघालो. रस्ताभर तो हॉर्न दाबत होता आणि मागं न पाहता विचारत होता, "हाय ना वं? हाय ना?"

मी "हाय" म्हणत होते. कोणाबद्दल विचारतो ते मी विचारलं नाही.

सरकारी दवाखान्यात दोघींच्या तोंडाला ऑक्सिजनची नळी लावली. मुलीनं संध्याकाळी डोळे उघडले आणि पाणी मागितलं. सासूनं उघडले नाहीत. ती त्याच दिवशी गेली. मुलगी जगली.