डेंटरकाकांचं "हव"

डेंटरकाका गाडीशी बोलत आणि गाडीच्या मालकाला गप्प बसवत. छोट्या हातोडीनं पत्र्यावर ठोकायचं, कान लावायचा. पत्रा धड असला की गाडीच्या वतीनं स्वतःच म्हणायचं, "हव," म्हणजे हो. गंज आतवर गेला असला की न बोलता खडूनं वर्तुळ काढायचं. वर्तुळातलं सगळं कापून तिथं नवा पत्रा वेल्ड करायचा. रायपूरजवळच्या बीरगावातल्या त्यांच्या शेडमध्ये एवढाच कायदा होता.

मी गोल बाजारात भांडी विकून वर आलेला माणूस. समोरच्यानं सांगितलेली गोष्ट निम्म्यावर आणल्याशिवाय मला अन्न गोड लागत नाही. नवं राज्य झालं, जुन्या सरकारी गाड्या लिलावात निघाल्या, तेव्हा मी एक रुग्णवाहिका घेतली. स्ट्रेचरच्या जागी पलंग, कोपऱ्यात स्टोव्ह. बायकोला अमरकंटक दाखवायचं लग्नापासून राहिलं होतं. आता घरच सोबत नेणार होतो. "यात मी आजारी न पडता झोपायचं?" एवढंच तिनं विचारलं.

डेंटरकाकांनी पलंगाखाली परातीएवढं वर्तुळ काढलं.

"ताटलीएवढं करा," मी म्हणालो.

"भाऊ, गंज काही बाजारात बसला नाही. तो भाव नाही करत."

"गाडी माझी आहे!" मी ओरडलो.

"हव," म्हणत ते चहाला गेले. मी रुमालानं वर्तुळ पुसलं आणि ताटलीएवढं काढलं. परत येऊन त्यांनी निमूट तेवढंच कापलं. मी घरी शीळ घालत गेलो.

अमरकंटकच्या घाटात पलंगाचा एक पाय तळ फोडून खाली गेला. बायको पलंगासकट कलली, उठली आणि बसनं रायपूरला परतली. "डेंटरकाका हव म्हणतील, तेव्हाच मी या गाडीत बसेन."

मी तणतणत शेडवर गेलो. "मी वर्तुळ पुसलेलं दिसलं नाही तुम्हाला?"

"दिसलं ना."

"मग बोलले काहून नाही?"

"बोललो असतो तर तुम्ही वाटीवर आणलं असतं."

खरं होतं, म्हणूनच जास्त लागलं. त्या रागात दोन वर्षं गाडी अंगणात उभी ठेवली. काकांचं काही बिघडलं नाही; गंज मात्र वाढत गेला. शेवटी बायकोच्या शब्दापायी गाडी ओढत नेली. काकांच्या डोळ्यांत तोवर मोतीबिंदू उतरला होता. त्यांनी ठोकलं, ऐकलं आणि खडू माझ्या हातात दिला. "तुम्हीच काढा, भाऊ. मले रेघ नाही दिसून राहिली."

मी दोन पराती मावतील एवढं काढलं. त्यांनी कडेनं बोट फिरवलं. "लय मोठं झालं. चार बोटं कमी करा."

"एक बोटही नाही."

ते खोकला येईपर्यंत हसले. कारागिराकडून तेवढंच कापून घेतलं, नव्या पत्र्यावर हातोडी ठोकली आणि म्हणाले, "हव." बायको चढून बसली.

अमरकंटक झालं. तळ टिकला, हे ठणकावून सांगायला गेलो, तर शेडला कुलूप. काका गोंदियाला मुलीकडे कायमचे गेले होते, मला न सांगता. तो राग अजून आहे.

आता प्रत्येक प्रवासाआधी मीच गाडीखाली शिरून ठोकतो, कान लावतो. मला काही म्हणजे काही कळत नाही. बायको दारातून विचारते, "काय म्हणते गाडी?"

मी सरळ गाडी दुसऱ्या डेंटरकडे नेतो.